वाशीतलं 'ब्रेन डिटॉक्स' मसाज पॅकेज : नानांच्या सात सिटिंगनंतर सगळं लिहिते

सेंटरचं नाव देत नाहीये. वाशी स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, पहिला मजला, एसी, एकदम स्वच्छ. पॅकेजचं नाव 'ब्रेन डिटॉक्स लिम्फॅटिक थेरपी', १० सिटिंग, एक सिटिंग ४५ मिनिटांचं, १८,००० रुपये आणि सगळे आगाऊ. नंतर तशाच जाहिराती मला फोनवर आणखी तीन ठिकाणच्या दिसल्या म्हणून हे लिहायला बसले, कारण घरात कुणी विसरायला लागलं असेल तर तुम्हीही त्या जाहिरातीवर बोट ठेवणारच, मी ठेवलं.

आधी नानांबद्दल सांगते म्हणजे कळेल. नाना माझे वडील, वय ७२, एपीएमसीच्या दाणा बाजारात एका गाळ्यावर मेहताजी होते, चौतीस वर्षं नोकरी केली. कुठल्या व्यापाऱ्याच्या तुरीच्या किती गोण्या उतरल्या, कुणाची किती उधारी, गेल्या पंधरवड्यात साबुदाण्याचा भाव काय होता, सगळं तोंडावर, आधी आकडा सांगायचे मग वही उघडायचे आणि वहीत तोच आकडा असायचा. असा माणूस गेल्या पावसाळ्यात कोपरखैरण्याच्या भाजीवाल्याला पाचशेची नोट देऊन सुटे न घेता घरी आला, एकदा नाही, महिन्याभरात तीनदा. भाजीवाला ओळखीचा म्हणून पैसे घरपोच आले. मग एकाच जेवणात तीच गोष्ट चारदा सांगायला लागले, मग एक दिवस गॅसवर दूध ठेवून खाली जाऊन बसले. आई म्हणायची वय झालं त्यांचं. मी पण तेच म्हणत होते, कारण दुसरा शब्द तोंडातून काढायची भीती वाटत होती.

तर जाहिरात अशी होती की मेंदूत रोज कचरा साठतो, तो काढणारी नळ्यांची यंत्रणा मानेत येऊन मोकळी होते, ती तुंबली की डिमेन्शिया, आणि आम्ही ती हाताने मोकळी करतो. सोबत मेंदूचं चित्र, त्यात हिरव्या नळ्या. वाचून मला पटलं, कारण यातलं अर्धं खरं आहे, आणि तेच तर सगळ्यात वाईट आहे. पूर्ण खोटं असतं तर मी फसले नसते.

आता सर्व्हिसबद्दल. मसाज म्हणून विचाराल तर छान होता. थेरपिस्ट मुलगी तिशीच्या आतली, हात अगदी हलका, कानामागून खाली, जबड्याखालून, मग गळपट्टीच्या हाडापर्यंत, एका लयीत. नाना पहिल्या दिवशी लाजत होते, शर्ट काढायला तयार नव्हते, तिने म्हटलं काका फक्त वरची दोन बटणं उघडा, बाकी राहू दे. इतकं समजून घेणारी. दहाव्या मिनिटाला नाना झोपले. घरी आले तर चेहरा शांत, आईला म्हणाले बरं वाटतंय. मला तेव्हा वाटलं पैसे वसूल.

पण पहिल्याच दिवशी एक गोष्ट खटकायला हवी होती ती मला खटकली नाही. फॉर्मवर नाव, फोन, वाढदिवस आणि 'आमच्याबद्दल कुठून कळलं' एवढंच. बीपी आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी कधी झालीये का, काहीही विचारलं नाही. नंतर डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ह्या वयात मानेच्या मोठ्या रक्तवाहिनीत चरबीचा थर असू शकतो, आणि तिथेच एक जागा असते, ती दाबली गेली तर नाडी एकदम मंद होऊन माणसाला चक्कर येऊ शकते. त्या मुलीचा हात हलका होता म्हणून निभावलं. दुसऱ्या कुणाचा नसेल तर?

तिसऱ्या सिटिंगला मी मालकांना विचारलं की याला पुरावा काय. त्यांनी लगेच फोनवर बातमी काढून दाखवली, कोरियाची. घरी येऊन शोधलं तर बातमी खरी निघाली. दक्षिण कोरियाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये छापलंय की चेहऱ्याच्या आणि मानेच्या कातडीखालच्या लसीका वाहिन्यांवर (लिम्फ, म्हणजे शरीरातला कचरा वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) ठरावीक हलका दाब दिला तर मेंदूभोवतीचं पाणी जास्त वेगाने बाहेर जातं, म्हाताऱ्या उंदरांमध्येसुद्धा. हो, उंदरांमध्ये. दाब किती द्यायचा तेही मोजून, त्यासाठी बनवलेल्या उपकरणाने. त्याने उंदरांची आठवण परत आली असं त्यात म्हटलेलं नाही, माणसाची तर बातच सोडा. मालकांच्या भिंतीवर मात्र 'स्मृतिभ्रंश थांबवा' असं पाटीएवढ्या अक्षरात.

मग सातवं सिटिंग. मी नानांना घ्यायला गेले तर ती मुलगी माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आली, आवाज बारीक करून म्हणाली, "ताई, एक सांगू का, रागावू नका. काका झोपले की घोरतात आणि मध्येच त्यांचा श्वास थांबतो. मी मोजलं, वीस-बावीस सेकंद. मग एकदम दचकून श्वास घेतात. मला भीती वाटते. डॉक्टरांना दाखवा ना." मी मालकांकडे गेले तर ते म्हणाले डीप रिलॅक्सेशन आहे मॅडम, टॉक्सिन निघतायत.

त्या दिवशी घरी जाऊन आईला विचारलं. आई शांतपणे म्हणाली, "अगं ते तर कधीचं आहे. श्वास अडकला की मी कोपर मारते, मग कूस बदलतात." किती वर्षं? तिला आठवेना, म्हणाली तुझ्या लग्नाआधीपासून. माझ्या लग्नाला १९ वर्षं झाली. म्हणजे एवढी वर्षं आई रात्री अर्धी जागी राहून नानांच्या श्वासावर लक्ष ठेवत होती आणि आम्हा कुणाला पत्ता नाही, तिने कधी बोलून दाखवलं नाही कारण तिला वाटलं घोरणं म्हणजे घोरणं, सगळेच पुरुष घोरतात.

पुढच्या आठवड्यात नेरूळला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. कागदावरची टेस्ट घेतली, घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा अशी, नानांना ३० पैकी २१. बी-१२ आणि थायरॉईडच्या रक्ततपासण्या, एमआरआय. सगळं बघून म्हणाले की डिमेन्शिया म्हणायच्या अलीकडची पायरी आहे, आणि त्यांनी मला जे समजावलं ते मी इथे माझ्या शब्दांत लिहिते, कारण ह्यातलं एक अक्षर १८,००० देताना मला कुणी सांगितलं नव्हतं.

मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के, पण शक्ती खातो २० टक्के. एवढं काम म्हटल्यावर कचरा होणारच, त्यात बीटा अमायलॉईड नावाचं प्रथिन असतं, तेच साठून अल्झायमरमध्ये गाठी होतात. बाकी शरीरात असा कचरा वाहून न्यायला लसीका वाहिन्या असतात, पण मेंदूच्या आत त्या नाहीत, मग तिथलं कोण काढतं हे कित्येक वर्षं कोडं होतं. २०१२ मध्ये अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड आणि जेफ इलिफ यांच्या टीमने उंदरांमध्ये दाखवलं की मेंदूभोवतीचं जे पाणी असतं ते धमन्यांच्या बाहेरून, धमनीला चिकटून असलेल्या पोकळीतून आत शिरतं, पेशींच्या मधून फिरतं, आणि कचरा घेऊन शिरांच्या कडेने बाहेर पडतं. आपल्या डोक्यात आणि कण्यात मिळून हे पाणी एका वेळी साधारण १५० मिली असतं आणि दिवसाला अर्धा लिटर नवीन तयार होतं, म्हणजे दिवसातून तीनेकदा सगळं बदलतं. ते आत सोडायला ताऱ्याच्या आकाराच्या पेशींच्या पायांवर पाण्याची बारीक दारं असतात, अ‍ॅक्वापोरिन. (ह्या दारांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा मेंदूच्या सफाईचं कुणाच्या डोक्यात पण नव्हतं.) त्या पेशी ग्लियल आणि काम लिम्फॅटिकसारखं, म्हणून ह्या सगळ्याला ग्लिम्फॅटिक म्हणतात.

मग २०१५ मध्ये व्हर्जिनियात जोनाथन किपनिस यांच्या टीमला आणि फिनलंडमध्ये दुसऱ्या टीमला मेंदूच्या वरच्या आवरणात खरोखरच्या लसीका वाहिन्या सापडल्या, त्या मानेतल्या खोल लसीका गाठींपर्यंत जातात. पाओलो मास्कान्यी नावाच्या इटालियन माणसाने त्या १७८७ मध्येच वर्णन करून ठेवल्या होत्या, लोकांनी मानलं नाही. तर मानेत येऊन मोकळं होतं हे जाहिरातीतलं वाक्य खरं आहे. पण त्या गाठी खोल आहेत, आणि मुळात आतून पाणी फिरलंच नाही तर बाहेरून मान चोळून काय होणार? आपल्याकडे सिडकोने होल्डिंग पॉण्ड बांधलेत ना, भरतीला गेट बंद, ओहोटीला उघडून साठलेलं पाणी खाडीत. नाल्यात आणि तळ्यात गाळ भरलेला असेल तर गेटपाशी उभं राहून कितीही पाणी ढकला, सेक्टरमधलं उतरत नाही. मला तरी हे असंच समजलं.

आता आतलं पाणी फिरवतं कोण तर मुख्यतः धमन्यांची धडधड, आणि वेळ कुठली तर झोपेची. २०१३ मध्ये त्याच नेडरगार्ड यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की झोपलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशींमधली जागा ६० टक्क्यांनी वाढते आणि अमायलॉईड दुप्पट वेगाने निघून जातं. डॉक्टर हे सांगत होते तर इतका वेळ गप्प बसलेले नाना म्हणाले, "बरोबर आहे. गिऱ्हाईक असताना झाडू मारत नाहीत. धुरळा मालावर बसतो. शटर अर्धं खाली आलं की मग झाडायचं." डॉक्टर खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, काका, हे मी आता प्रत्येक पेशंटला सांगणार. किती दिवसांनी नानांनी असं एखादं वाक्य टाकलं होतं. मला तिथेच रडू आलं.

आणि नानांचं शटर कधी खालीच येत नव्हतं. घशाची जागा झोपेत मिटते, श्वास बंद, ऑक्सिजन खाली, मेंदू घाबरून जागं करतो, परत तेच. गाढ झोप लागायच्या आधीच मोडते. ह्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात आणि हा असलेल्यांमध्ये स्मृतीच्या तक्रारी जास्त दिसतात. ब्रिटनमध्ये सुमारे ८,००० सरकारी नोकरांना २५ वर्षं बघितलं, पन्नाशी-साठीत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांना पुढे डिमेन्शियाचा धोका सुमारे ३० टक्के जास्त निघाला. अमेरिकेत २० निरोगी माणसांना फक्त एक रात्र जागं ठेवून स्कॅन केलं तर तेवढ्यानेच मेंदूत अमायलॉईड थोडं वाढलेलं दिसलं.

एक गोष्ट मला त्या डॉक्टरांची फार आवडली, त्यांनी उलट बाजू पण सांगितली. हे सगळं शंभर टक्के ठरलेलं नाही, २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी उंदरांवरच मोजून उलटा निष्कर्ष काढला की झोपेत सफाई कमी होते, आणि भांडण अजून चालू आहे. शिवाय सलग कमी झोप हे आजाराचं कारण आहे की आजारच वर्षानुवर्षं आधी झोप खराब करतो हेही पूर्ण सुटलेलं नाही. पण अ‍ॅप्निया स्वतःच हृदयाला, बीपीला वाईट, त्याचा इलाज करायला वाट बघायची गरज नाही. बीपी वाढलेलं असलं की धमन्या ताठ होतात आणि पाणी ढकलायची धडधड बिघडते, म्हणून बीपीची गोळी न चुकवणं हे पण त्याच यादीत. नाना आठवड्यातून दोनदा तरी चुकवत होते, विसरल्यामुळे. आता डबा आई भरते, सात खणांचा.

मी मसाजचं पण विचारलं. ते म्हणाले लिम्फ ड्रेनेज मसाज ही खोटी गोष्ट नाहीच, १९३० च्या दशकात एमिल वॉडर नावाच्या डॅनिश माणसाने सुरू केला, ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हात सुजतो तेव्हा शिकलेल्या फिजिओकडून करून घेतात आणि उपयोग होतो. डिमेन्शियासाठी नाही. चीनमध्ये तर ह्याच मानेतल्या लसीका वाहिन्या शिरांना जोडायचं ऑपरेशन अल्झायमरच्या पेशंटवर धडाक्यात सुरू झालं होतं, पुरेसा पुरावा नाही म्हणून त्यांच्या सरकारने २०२५ च्या जुलैत ते बंद करायला लावलं. ऑपरेशनची ही गत तर वाशीतल्या ४५ मिनिटांची काय.

स्लीप स्टडीबद्दल पण लिहिते कारण लोक घाबरतात. एक रात्र, हॉस्पिटलची खोली, डोक्याला, छातीला, पायाला वायरी, बोटाला क्लिप, नाकाशी छोटी नळी. आईला बाजूच्या पलंगावर झोपू दिलं. टेक्निशियन दादा रात्रभर बाहेर बसून होता, दोनदा वायर निघाली ती न बोलता परत लावून गेला. खर्च ९,५०० आला, म्हणजे मसाजच्या साधारण निम्मा. रिपोर्ट : तासाला ४१ वेळा श्वास थांबणं किंवा अर्धवट होणं. ३० च्या वर गेलं की गंभीर धरतात. ऑक्सिजन सगळ्यात खाली ७८ टक्क्यांपर्यंत गेला होता. तो आकडा बघून आई म्हणाली, "मी कोपर मारत नसते तर?" कुणाकडे उत्तर नव्हतं.

मग सीपॅप मशीन, झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं. आधी महिनाभर भाड्याने, मग विकत. पहिला आठवडा कठीण, मास्क नाकावर टोचायचा, नाना झोपेत काढून फेकायचे, सकाळी म्हणायचे मी नाही काढला. दुसऱ्या मापाचा, फक्त नाकपुड्यांना टेकणारा मास्क मिळाला तेव्हा जमलं. घोरण्याचा आवाज पहिल्या रात्री बंद झाला. पाठीवर झोपायचं नाही, कुशीवर. (कुशीवर झोपल्याने मेंदूची सफाई जास्त होते असंही एका जुन्या प्रयोगात आहे, पण तेही उंदीर, आम्ही घोरण्यासाठी करतोय.) आणि नाना शेजारच्या काकांकडून झोपेची गोळी घेऊन अधूनमधून खायचे ती डॉक्टरांनी पहिल्यांदा बंद केली, अ‍ॅप्नियात ती गोळी धोक्याची असू शकते, आणि झोल्पिडेम नावाच्या झोपेच्या गोळीने उंदरांमधली ही सफाईची लय मंदावलेली दिसली असं २०२५ च्या जानेवारीत आलंय. कुणाच्या घरात अशी गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल तर माझं वाचून स्वतः बंद करू नका, विचारा.

चार महिने झाले. खरं काय ते लिहिते. नाना पूर्वीसारखे झाले नाहीत. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की मशीनने आठवण परत येईलच असं वचन मी देणार नाही. नावं अजून अडतात. पण सकाळचं डोकं दुखणं गेलं, दुपारी खुर्चीत मान टाकून झोपणं गेलं, पेपर शेवटपर्यंत वाचतात, आणि गेल्या महिन्यात भाजीवाल्याकडून सुटे मोजून आणले, आईच्या हातावर ठेवून म्हणाले बघ, एकशे दहा. टेस्ट सहा महिन्यांनी परत आहे.

तर रेटिंग. थेरपिस्ट मुलीला पाचपैकी पाच. जागा, स्वच्छता, वेळ पाळणं, चार. पॅकेज जे म्हणून विकतात त्याला शून्य, आणि मला शून्य देताना काहीच वाईट वाटत नाही, कारण तिथे बाहेरच्या बाकड्यावर माझ्यासारख्या आणखी दोन मुली आपापल्या आईला घेऊन बसलेल्या असायच्या आणि आमच्या तिघींच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट होती. त्या बाकड्यावर बसणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, पैसे भरायच्या आधी घरात जो बाजूला झोपतो त्याला विचारा की रात्री श्वास थांबतो का. आमच्या घरात उत्तर एवढी वर्षं शेजारच्या उशीवर होतं.

तीन सिटिंग उरली होती. पैसे परत मागितले, नाही मिळाले, म्हणाले घरातल्या दुसऱ्या कुणाला वापरता येतील. म्हणून आईला नेलं, मानेला हात लावायचा नाही, फक्त खांदे आणि पाय असं आधीच सांगून. त्याच मुलीकडे. पहिल्या दिवशी वेळ झाली तरी दोघी बाहेर आल्या नाहीत, पंधरा मिनिटांनी ती मुलगी एकटीच आली, तोंडावर बोट ठेवून. म्हणाली, ताई, थोडं बसा, काकू गाढ झोपल्यात.